घाटेअळीच्या पोटातले स्फटिक

परभणी-हिंगोलीकडे हरभरा घाट्यावर आला की कधीकधी शेंड्याला उलट्या लटकलेल्या, काळवंडलेल्या घाटेअळ्या दिसतात. हात लावताच फुटतात, पांढुरका द्रव सांडतो. त्या द्रवात एचएएनपीव्ही या घाटेअळीला मारणाऱ्या विषाणूचे असंख्य स्फटिक असतात, एकेक जेमतेम १-२ मायक्रॉनचा.

प्रथिनाची रचना क्ष-किरणांनी शोधायची तर आधी त्याचा स्फटिक लागतो, आणि एरवी तो मिळवणे हेच सगळ्यात चिवट काम. इथे अळीच्या पेशीने तो आपल्या केंद्रकातच घडवलेला असतो! पॉलिहेड्रिन प्रथिनाचे रेणू एकावर एक रचले जातात आणि काडीसारखे विषाणू त्यात चिणले जातात.

स्फटिक काढायला मेलेल्या अळ्या पाण्यात वाटून मलमलीतून गाळतात, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात, मग ४० ते ६५ टक्के साखरेच्या थरांवर चढवून त्यांचा पांढरा पट्टा उचलतात. पाण्याचा सामू (पीएच) वाढू द्यायचा नाही. अळीतली प्रथिने तोडणारी विकरे विम्ल (अल्कधर्मी) पाण्यात चेकाळतात आणि स्फटिक विरघळतो.

पुढची अडचण आकाराची. एवढ्याशा स्फटिकाला सिंक्रोट्रॉन या प्रचंड यंत्रातून येणारा, काही मायक्रॉन रुंदीचा क्ष-किरणांचा झोत लागतो. नमुना इथिलीन ग्लायकॉलमध्ये भिजवून उणे १७३ अंशांना गोठवतात. बर्फ धरला तर क्ष-किरण प्रतिमेत त्याची वलये प्रथिनाचे ठिपके झाकून टाकतात. किरणांच्या माऱ्याने स्फटिक लवकर खराब होतो, म्हणून अनेक स्फटिकांच्या थोड्या थोड्या प्रतिमा जोडाव्या लागतात. अशाच पद्धतीने २००७ मध्ये रेशीमकिड्याच्या सायपोव्हायरस या विषाणूच्या स्फटिकाची रचना उलगडली. एचएएनपीव्हीच्या कुळातल्या विषाणूच्या स्फटिकाची रचना त्यानंतर २-३ वर्षांत हाती आली.

त्यात सुमारे १० नॅनोमीटरचा घन पुन:पुन्हा येतो आणि प्रत्येक घनात २४ रेणू असतात. २ मायक्रॉनच्या घनाकृती स्फटिकाचा ढोबळ हिशेब मांडला तर, विषाणूंची जागा सोडून, जवळपास १९ कोटी रेणू! रेणूंच्या सांध्यांवरचे विद्युतभार त्यांना घट्ट धरतात. अळीच्या आतड्यातला सामू १० च्या आसपास. तिथे प्रोटॉन निघून जातात, ऋणभार एकमेकांना ढकलतात, भिंत ढासळते आणि विषाणू मोकळे होतात.

हेच स्फटिक घाटेअळी मारायला पिकावर फवारतात, आणि त्या फवारणीचे नियम यातूनच समजतात. बोर्डो मिश्रणासारखे विम्ल औषध या स्फटिकांच्या टाकीत मिसळायचे नाही, नाहीतर स्फटिक अळीच्या पोटात जाण्याआधीच विरघळेल. पावसापाण्यात तो टिकतो, पण सूर्याचे अतिनील किरण त्याच्या आरपार जाऊन विषाणूचा डीएनए मोडतात. म्हणून हेक्टरी ५०० एल.ई. (लार्व्हल इक्विव्हॅलंट, म्हणजे विषाणू मोजायचे माप) संध्याकाळी, नीळ घालून, अळ्या लहान असतानाच फवारावे. एक एल.ई. म्हणजे ६०० कोटी स्फटिक.