मोजणारा एक, भरवसा ठेवणारे सव्वीस: युरोपच्या अधिकृत आकडेवारीची पार्श्वभूमी

27 देशांची महागाई, बेरोजगारी आणि वित्तीय तूट एकाच तक्त्यात पाहिली की वाटते, युरोपीय संघाचे लक्झेंबर्गमधले सांख्यिकी कार्यालय, युरोस्टॅटच, हे सगळे मोजत असेल. प्रत्यक्षात युरोस्टॅटचा माणूस कोणाच्या दारी प्रश्नावली घेऊन जात नाही. मोजणी करतात त्या त्या देशाच्या सांख्यिकी संस्था. युरोस्टॅट व्याख्या ठरवून देते, आलेले आकडे तपासते, एकत्र करते आणि प्रसिद्ध करते. मोजणारा एक आणि त्याच्या आकड्यावर भरवसा ठेवणारे सव्वीस, ही या व्यवस्थेची मूळ अडचण आहे. तिच्यावरचे उपाय बहुतेक वेळा आकड्याला पैसा जोडला गेल्यावरच सुचले.

सुरुवातही पैशापासूनच झाली. आजच्या युरोपीय संघाची सुरुवात ठरलेल्या सहा देशांच्या कोळसा-पोलाद समुदायाला कोळसा आणि पोलादाच्या उत्पादनमूल्यावर आकार (कर) बसवण्याचा अधिकार होता. त्याची मर्यादा साधारणपणे 1 टक्का. कोणी किती टन काढले हे एकाच पद्धतीने कळल्याशिवाय तो आकार वसूल होणे अशक्य होते. 1953 मध्ये त्यासाठी सांख्यिकी विभाग उभा राहिला. 1958 मध्ये आर्थिक समुदाय आल्यावर कामाचा पसारा वाढला आणि 1959 मध्ये युरोस्टॅट हे नाव रूढ झाले.

तुलना करायची तर व्याख्या एक हवी, हे बेरोजगारीच्या बाबतीत लगेच लक्षात आले. रोजगार केंद्रात नाव नोंदवलेल्यांची संख्या प्रत्येक देशाकडे होती, पण नाव कोणी नोंदवायचे आणि भत्ता कोणाला मिळायचा, याचे नियम वेगवेगळे. भत्त्याचा नियम बदलला की नोकऱ्या तेवढ्याच राहूनही संख्या खाली-वर व्हायची. म्हणून 1960 मध्ये सहा देशांत समान प्रश्नांचे श्रमबल सर्वेक्षण करण्याचा पहिला प्रयत्न झाला. आजची कसोटी अशी: संदर्भ आठवड्यात एक तासही मोबदल्याचे काम नाही, गेल्या चार आठवड्यांत काम शोधले आहे आणि दोन आठवड्यांत रुजू होता येईल. तिन्ही अटी पूर्ण झाल्या तरच ती व्यक्ती बेरोजगार.

पुढची बरीच वर्षे पुष्कळसे काम जंटलमन्स ॲग्रीमेंटवर, म्हणजे कायद्याचे बंधन नसलेल्या, शब्दावरच्या करारावर चालले. आकडे उशिरा आले, एखादा रकाना कोरा राहिला, तरी पत्र पाठवून आठवण करण्यापलीकडे काही करता येत नसे. 1988 मध्ये समुदायाच्या अर्थसंकल्पासाठीची सदस्य देशांची वर्गणी त्यांच्या राष्ट्रीय उत्पन्नाशी जोडली गेली आणि हा ढिलेपणा परवडेनासा झाला. उत्पन्न कमी दाखवणाऱ्या देशाची वर्गणी इतरांच्या माथी पडू लागली. 1989 मध्ये राष्ट्रीय संस्थांच्या प्रमुखांची सांख्यिकी कार्यक्रम समिती स्थापन झाली.

1 जानेवारी 1993 ला अंतर्गत सीमांवरचे जकात नाके गेले आणि त्यांच्याबरोबर व्यापाराचा आकडा देणारे जकातीचे कागदही गेले. तोवर हा आकडा आपोआप मिळत होता. त्याच्या जागी इंट्रास्टॅट आले: ठरावीक उलाढालीच्या वरच्या कंपनीने दरमहा थेट विवरण भरायचे. फ्रान्सने जर्मनीला पाठवलेला माल जर्मनीच्या आवक नोंदीतही तेवढाच दिसायला हवा, पण तसा दिसत नाही. दोन्हीकडच्या उलाढालीच्या मर्यादा वेगळ्या, माल एका महिन्यात निघून दुसऱ्या महिन्यात पोहोचतो, मधे तिसऱ्या देशातला व्यापारी असतो. लहान कंपन्यांवरचा बोजाही मोठा होता. 2022 पासून निर्यातदार देशाची कंपनीनिहाय नोंद आयातदार देशाला मिळू लागली, म्हणजे तोच व्यवहार दोनदा विचारण्याची गरज कमी झाली. हा उपाय सापडायला 29 वर्षे लागली.

1997 चा पहिला मूलभूत सांख्यिकी कायदा आणि आज लागू असलेला 2009 चा कायदा यांच्या मधे ग्रीस आहे. युरो या समान चलनाचा पाया घालणाऱ्या मास्ट्रिख्ट कराराने तूट जीडीपीच्या 3 टक्क्यांपर्यंत आणि कर्ज 60 टक्क्यांपर्यंत अशी मर्यादा घातली. प्रत्येक देश दरवर्षी 1 एप्रिल आणि 1 ऑक्टोबरच्या आत हे आकडे कळवतो. 2004 मध्ये तपासणी झाली तेव्हा ग्रीसची 1997 ते 2003 ची तूट प्रत्येक वर्षी 3 टक्क्यांच्या वर निघाली. लष्करी खर्च कमी दाखवला होता, सामाजिक सुरक्षा निधीची शिल्लक जास्त धरली होती, व्याजाची नोंदही चुकीची होती. त्यानंतर 2005 मध्ये 15 तत्त्वांची आचारसंहिता आली. युरोपीय आयोगाने, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळाने, मात्र युरोस्टॅटला लेखापरीक्षणासारखे अधिकार देण्याचा जो प्रस्ताव मांडला, तो सदस्य देशांनी पातळ केला.

त्याची किंमत पाच वर्षांनी मोजावी लागली. ऑक्टोबर 2009 च्या सुरुवातीला ग्रीसने कळवलेली 2008 ची तूट 5.0 टक्के होती. तीन आठवड्यांच्या आत ती 7.7 झाली. 2009 चा अंदाज 3.7 वरून 12.5 वर गेला आणि अंतिम तपासणीत 15.4 ठरला. 2010 मध्ये युरोस्टॅटला देशात जाऊन मूळ सरकारी हिशेब तपासण्याचा अधिकार मिळाला, 2011 मध्ये आकडे फिरवणाऱ्या देशाला जीडीपीच्या 0.2 टक्क्यांपर्यंत दंडाची तरतूद झाली. पहिला दंड 2015 मध्ये स्पेनला बसला: वालेन्सिया प्रांताने आरोग्यखर्च दडवल्याबद्दल 1.893 कोटी युरो.

15.4 चा आकडा देणारे ग्रीक सांख्यिकी संस्थेचे प्रमुख आंद्रेआस येओर्यिऊ यांच्यावर मायदेशात खटले झाले. आकडे संस्थेच्या मंडळाच्या मतदानाला न टाकता युरोस्टॅटला पाठवल्याबद्दल 2017 मध्ये त्यांना दोन वर्षांची स्थगित शिक्षा झाली. युरोस्टॅटने ते आकडे कोणतीही शंका न नोंदवता स्वीकारले होते. तूट मतदानाने ठरत नाही. पद्धत, व्याख्या आणि प्रसिद्धीची वेळ ही संस्थाप्रमुखाची एकट्याची जबाबदारी, असे 2015 च्या दुरुस्तीने युरोपीय कायद्यात स्पष्ट लिहिले गेले होते. तरीही ही शिक्षा झाली, हे मनाला लागते.

आजचे नियोजन असे चालते. कित्येक वर्षांचा कार्यक्रम कायद्याने ठरतो. चालू कार्यक्रम 2021 ते 2027 चा आहे. पुढच्या वर्षाचा आराखडा आयोग एप्रिलअखेरपर्यंत युरोपीय सांख्यिकी प्रणाली समितीपुढे ठेवतो. या समितीत सगळ्या राष्ट्रीय संस्था असतात. नवे सर्वेक्षण सुचवले की ते आधी तज्ज्ञांच्या कार्यगटात घासूनपुसून निघते, मग समितीत, मग युरोपीय संसद आणि सदस्य देशांच्या मंत्रिपरिषदेत. यात वर्षे जातात. माल्टासारख्या छोट्या देशाच्या संस्थेलाही जवळपास जर्मनीएवढेच तक्ते भरावे लागतात. शिवाय तिथे एखाद्या उद्योगात दोन-तीनच कंपन्या असतात. मग गोपनीयतेसाठी रकाना झाकायचा आणि बेरीज-वजाबाकीने तो उघडा पडू नये म्हणून शेजारचाही झाकायचा.

नियम पाळूनही आकडा फसवू शकतो. 2015 मध्ये बहुराष्ट्रीय कंपन्यांनी बौद्धिक संपदा आयर्लंडमध्ये हलवली आणि त्या वर्षीची आर्थिक वाढ 26.3 टक्के निघाली. हिशेब नियमाप्रमाणेच होता, पण रस्त्यावरच्या माणसाशी त्याचा संबंध नव्हता. आयरिश संस्थेने सुधारित राष्ट्रीय उत्पन्नाचे वेगळे माप काढले. प्रदेशांचेही तसेच. विकास निधी ज्या प्रादेशिक पातळीवर ठरतो, तिथे दरडोई जीडीपी युरोपीय सरासरीच्या 75 टक्क्यांखाली असेल तर सर्वाधिक मदत मिळते. श्रीमंत बुडापेस्टमुळे भोवतालच्या पेश्त परगण्याची सरासरी फुगत होती. 2018 पासून हंगेरीने दोन्ही वेगळे केले. अशी सीमा वाटेल तेव्हा हलवता येत नाही: लोकसंख्येची अट 8 लाख ते 30 लाख आणि बदल तीन वर्षांतून एकदाच.

सध्याचा पेच आकडे कोणाकडे आहेत याचा आहे. घरगुती पर्यटकनिवासांच्या रात्री मोजायला सांख्यिकी संस्थांकडे साधन नव्हते. सगळी नोंद आरक्षण करणाऱ्या संकेतस्थळांकडे. मार्च 2020 मध्ये एअरबीएनबी, बुकिंग, एक्स्पीडिया आणि ट्रिपॲडव्हायझर यांच्याशी ऐच्छिक करार झाला, म्हणजे पुन्हा जंटलमन्स ॲग्रीमेंटच. 2024 च्या अखेरीस मूलभूत कायद्यात दुरुस्ती करून खासगी कंपन्यांकडची माहिती अधिकृत सांख्यिकीसाठी मागण्याची कायदेशीर वाट काढण्यात आली.