पन्ना येथील हिऱ्याच्या उथळ खाणीचा पट्टा: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची प्रक्रिया

मध्य प्रदेशातील पन्ना जिल्ह्यात सामान्य माणसाला दोनशे रुपये शासकीय शुल्क भरून एका कॅलेंडर वर्षापुरता जमिनीचा लहान तुकडा हिरे शोधण्याकरता अधिकृतपणे मिळतो. ही बातमी आपल्याकडे दर दोन-चार महिन्यांनी समाजमाध्यमांवर फिरते आणि तिच्यासोबत बहुधा कोणा मजुराला रातोरात लखपती करणाऱ्या हिऱ्याचे छायाचित्रही असते. बातमी खरी आहे. मात्र पट्टा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरता खणण्याचा शासकीय परवाना, मिळणे हा या व्यवहारातील सर्वांत सोपा भाग असून जमिनीचा प्रकार, भागीदारी आणि लिलावापर्यंतची प्रतीक्षा या तीन ठिकाणी माणसे अडकतात, असे या विषयाची कागदपत्रे आणि बातम्या बराच काळ वाचल्यानंतर माझे मत झाले आहे. त्यामुळे या तीन बाबींवर पुढे अधिक विस्ताराने लिहिले आहे.

प्रथम जागेविषयी. पन्ना हे बुंदेलखंडातील महाराजा छत्रसाल यांच्या राजधानीचे गाव. 1729 साली छत्रसालांच्या मदतीला बाजीराव पेशवे धावून गेले आणि पुढे छत्रसालांच्या राज्यातील तिसरा हिस्सा मराठ्यांकडे आला, एवढा धागा मराठी वाचकाला शाळेपासून ठाऊक असतो. गावापासून काही अंतरावर मझगवाँ येथे हिऱ्याचा मूळ खडक असून तेथील यांत्रिक खाण राष्ट्रीय खनिज विकास निगम ही केंद्र सरकारची कंपनी चालवते. त्या खाणीशी सामान्य अर्जदाराचा काहीही संबंध नसतो. आपला संबंध येतो तो ‘उथली खदान’ म्हणजे उथळ खाणीशी. मूळ खडक लाखो वर्षे झिजून त्यातले हिरे नदीनाल्यांनी वाहून नेले आणि गोट्या-वाळूच्या थरांत पुरले. या थराला तिकडे ‘चाल’ म्हणतात. (गिरगावातल्या चाळीशी त्याचा संबंध नाही, हे सांगावे लागते, कारण फोनवर ऐकताना घोटाळा होतो.) चाल कुठे चार-पाच फुटांवर लागते, कुठे वीस फूट खणूनही लागत नाही.

अर्ज कोण करू शकतो, याचे उत्तर सोपे आहे. अर्जदार प्रौढ भारतीय नागरिक असावा. तो पन्ना जिल्ह्याचा किंवा मध्य प्रदेशाचा रहिवासी असण्याची अट नाही आणि इतर राज्यांतून गेलेल्या लोकांनी तेथे पट्टे घेतल्याची, त्यांना हिरे मिळाल्याचीही उदाहरणे आहेत. शिक्षण, व्यवसाय किंवा उत्पन्नाची कोणतीही मर्यादा नाही. पट्टेधारकांमध्ये भूमिहीन मजूर आणि छोटे शेतकरी मोठ्या संख्येने असतात. ही सोय मुळात त्यांच्या उपयोगाची आहे, हे बाहेरून जाणाऱ्याने लक्षात ठेवलेले बरे.

पट्टा देण्याचा अधिकार पन्ना येथील हीरा कार्यालयाकडे आहे. हे राज्याच्या खनिज विभागाचे कार्यालय असून हीरा अधिकारी त्याचे प्रमुख असतात आणि हिऱ्याची प्रत व वजन ठरवणारे पारखीही तेथेच बसतात. अर्ज विहित नमुन्यात आणि हिंदीत भरावा लागतो. त्यासोबत आधार कार्डाची प्रत, पासपोर्ट आकाराची छायाचित्रे आणि दोनशे रुपयांचे शासकीय चलन लागते. चलनाची मूळ पावती जपून ठेवावी, कारण पट्ट्याशी संबंधित पुढील प्रत्येक कामात तिचा क्रमांक विचारला जातो. याखेरीज पॅन कार्ड आणि स्वतःच्या नावाच्या बँक खात्याचे पासबुक हे अर्जाच्या वेळी कोणी मागो वा न मागो, सोबत असू द्यावे. हिरा विकला गेल्यावर रक्कम खात्यातच जमा होते आणि कपातीचा हिशेब पॅनवर होतो.

नावाच्या बाबतीत महाराष्ट्रातील अर्जदाराने थोडी अधिक काळजी घ्यावी. आपल्याकडे आधारवर स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तिन्ही एका ओळीत येते, तर हिंदी नमुन्यात अर्जदाराचे नाव आणि पिता अथवा पतीचे नाव अशा दोन वेगळ्या ओळी असतात. घाईत एकीकडे दोन शब्दांचे आणि दुसरीकडे तीन शब्दांचे नाव लिहिले, पासबुकात तिसरेच काही असले, तर खोदाईच्या वेळी कोणाचे काही बिघडत नाही. परंतु पैसे जमा व्हायच्या वेळी तीच विसंगती आडवी येते. म्हणून नाव आधारवर आहे तसेच, त्याच क्रमाने सर्वत्र लिहावे.

पट्ट्याचे क्षेत्र आठ मीटर लांब आणि आठ मीटर रुंद असते, म्हणजे चौसष्ट चौरस मीटर, किंवा आपल्या हिशेबाने जेमतेम सातशे चौरस फूट, उपनगरातल्या दोन खोल्यांच्या घराएवढे. पट्ट्याची मुदत 31 डिसेंबरला संपते, मग तो जानेवारीत घेतलेला असो वा ऑगस्टमध्ये. शुल्क तेच राहते, दिवस मात्र कमी होतात. पावसाळ्यात खड्डे पाण्याने भरतात आणि खोदाई जवळजवळ थांबते, हेही धरले तर वर्षाच्या सुरुवातीलाच अर्ज करण्यात शहाणपण आहे. कामाचे खरे महिने हिवाळ्याचे आणि उन्हाळ्याचे.

आता जमिनीचा प्रकार. हा मुद्दा नीट न समजल्यामुळे अनेकांचे पैसे आणि हंगाम वाया जातो. पन्ना जिल्ह्यातील जमीन या कामापुरती तीन प्रकारांत मोडते: शासकीय महसुली जमीन, खासगी शेतजमीन आणि वनजमीन. पटी, कृष्णा कल्याणपूर, सरकोहा अशा ठिकाणी हीरा कार्यालयाने उथळ खाणींसाठी ठरवलेली क्षेत्रे आहेत. तेथील शासकीय जमिनीवर पट्टा मिळाल्यास कार्यालयाचे कर्मचारी जागा मोजून हद्द आखून देतात. खासगी शेतात खणायचे असेल तर शेतमालकाची लेखी संमती आणि त्या जमिनीचा खसरा लागतो. आपल्याकडे जे काम सातबारा आणि तलाठी करतात, तेच काम तिकडे खसरा आणि पटवारी करतात. संमतीपत्रात शेतमालकाचा हिस्सा किती, पिकाच्या नुकसानीची भरपाई किती आणि काम संपल्यावर खड्डा कोण बुजवणार, या तिन्ही गोष्टी आकड्यांसह लिहून घ्याव्यात. हिरा निघेपर्यंत तोंडी करार सर्वांना पुरतो. निघाल्यावर मात्र तोच करार कोणाला आठवेनासा होतो.

वनजमिनीवर मात्र उथळ खाणीचा पट्टा मिळेल, अशी आशा धरू नये. जिल्ह्याचा मोठा भाग जंगलाचा आहे, पन्ना व्याघ्र प्रकल्प येथेच आहे, आणि वन संवर्धन कायदा 1980 साली आल्यापासून केंद्राच्या मंजुरीशिवाय वनजमीन खाणकामासाठी वापरता येत नाही. महसुली जमीन कोठे संपते आणि जंगल कोठे सुरू होते, हे उघड्या माळावर नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. स्थानिक दलाल ‘इथेच चांगली चाल आहे’ असे सांगून जी जागा दाखवतो, ती पुष्कळदा वनहद्दीच्या आत असते. तेथे खणताना सापडल्यास हीरा कार्यालयाची पावती उपयोगाची नसते आणि गुन्हा वनविभाग नोंदवतो. नदीपात्राबाबतही हेच. 2022 साली अजयगढ भागात रुंझ नदीवरील धरणाच्या कामात हिरे निघतात अशी वार्ता पसरली आणि जवळपासच्या जिल्ह्यांतूनही हजारो लोक फावडी घेऊन पात्रात उतरले. त्या गर्दीला कोणताही पट्टा नव्हता आणि तसले खोदकाम बेकायदेशीरच होते. म्हणून पैसे भरण्यापूर्वी जागेचा खसरा क्रमांक घेऊन ती जागा मंजूर क्षेत्रात आहे का, हे हीरा कार्यालयातच विचारावे, दलालाकडून नव्हे.

पट्टा एकाच्या नावावर असतो, पण खाण एकटा माणूस चालवू शकत नाही. आठ बाय आठ मीटरचा खड्डा दहा फूट खोल नेला तर सुमारे 195 घनमीटर माती वर काढावी लागते, म्हणजे ट्रॅक्टरच्या साठ-पासष्ट ट्रॉल्या. मग चाल बाहेर काढायची, पाणी भरलेल्या खड्ड्यात टाकून पायांनी आणि हातांनी मळत तिची माती धुवून काढायची, उरलेले खडे सारवून सपाट केलेल्या जमिनीवर पसरून वाळवायचे, आणि मग बसून निवडायचे. ही निवड पाहण्यासारखी असते. माणसे उकिडवी बसून तळहाताने मूठ-मूठभर खडे पुढे ओढतात, बोटांनी एका झटक्यात पसरवतात, नजर फिरवतात आणि मागे ढकलतात. तांदूळ निवडणाऱ्या बाईच्या हाताला जी लय असते, तीच इथे. फरक इतकाच की इथे सगळे फेकून द्यायचे असते आणि एखादाच कण ठेवायचा असतो. ओल्या चालीत हिरा चटकन ओळखू येत नाही. वाळलेल्या खड्यांवर तिरपे ऊन पडले की तो वेगळा चमकतो, म्हणून निवडीचे काम उन्हातच करतात.

या सगळ्याला चार-सहा जण आणि काही महिन्यांची मजुरी लागते. त्यामुळे भागीदारी होतेच. कार्यालयाच्या लेखी मात्र पट्टेधारक एकच असतो, हिरा त्याच्याच नावावर जमा होतो आणि पैसे त्याच्याच खात्यात येतात. भागीदारांचे हिस्से स्टँप पेपरवर लिहून त्यावर सर्वांच्या व दोन साक्षीदारांच्या सह्या घेणे हे म्हणूनच अत्यावश्यक मानावे. पट्टा स्वतःच्या नावावर नसलेल्या भागीदाराने तर या कागदाशिवाय एक रुपयाही गुंतवू नये.

हिरा सापडला की तो हीरा कार्यालयात जमा करणे बंधनकारक आहे. आधी घरी ठेवून भाव काढू, मग पाहू, असे करता येत नाही. बाहेर परस्पर विक्री हा गुन्हा आहे आणि चोरबाजारात मिळणारा भावही बहुधा पडेल असतो, कारण घेणाऱ्याला विकणाऱ्याची अडचण पक्की ठाऊक असते. कार्यालयात पारखी हिऱ्याचे वजन करतो आणि प्रत ठरवतो. तिकडच्या भाषेत स्वच्छ, पांढऱ्या, दागिन्याच्या प्रतीच्या हिऱ्याला ‘उज्ज्वल’, रंग उतरलेल्याला ‘मैला’ आणि औद्योगिक उपयोगाच्या हिऱ्याला ‘मट्ठो’ म्हणतात. हिऱ्याची किंमत वजनाइतकीच या शब्दावर ठरते. जमा केल्याची पावती घ्यावी आणि तिच्यावर वजन व प्रत दोन्ही लिहिलेले आहे, याची तेथेच खात्री करावी.

वजन कॅरेटमध्ये मोजतात आणि एक कॅरेट म्हणजे ग्रॅमचा पाचवा हिस्सा. 2018 साली येथील एका मजुराला मिळालेला हिरा 42.59 कॅरेटचा होता, म्हणजे सुमारे साडेआठ ग्रॅमचा. तो लिलावात कॅरेटला सहा लाख या दराने सुमारे 2 कोटी 55 लाखांना गेला. 1961 साली सापडलेला चव्वेचाळीस कॅरेटहून थोडा अधिक वजनाचा हिरा हा या उथळ खाणींतील सर्वांत मोठा मानला जातो. जुलै 2024 मध्ये 19.22 कॅरेटचा हिरा निघाला, तोही मजुरालाच. हे आकडे दिले ते मोह वाढवण्यासाठी नव्हे. यांतील दोन सर्वांत मोठ्या हिऱ्यांमध्ये सत्तावन्न वर्षे गेली, हे त्या तारखाच सांगतात. एरवी जमा होणारे हिरे बहुतांशी याच्या कितीतरी लहान असतात.

जमा झालेले हिरे ठरावीक काळाने होणाऱ्या खुल्या लिलावात मांडले जातात. लिलावाची तारीख प्रशासन जाहीर करते. व्यापारी आधी हिरे हाताळून, भिंगातून पाहून घेतात आणि मग बोली लागते. सुरत आणि मुंबईचे व्यापारी येथे नेहमीचे. बोली अपेक्षित किमतीपर्यंत गेली नाही तर हिरा विकला जात नाही, तो पुढच्या लिलावात पुन्हा मांडला जातो, आणि तोवर तो कार्यालयाच्या तिजोरीतच राहतो. या काळात पट्टेधारकाच्या हाती केवळ पावती असते. उसनवारीने खाण चालवणाऱ्याची खरी कोंडी येथे होते: हिरा मिळालेला असतो, गावभर बोलबाला झालेला असतो, सावकार दारात असतो आणि लिलावाची तारीख लागलेली नसते. कर्ज काढून या कामात पडू नये, हे माझे म्हणणे याच कारणाने आहे.

विक्री झाल्यावर शासनाची रॉयल्टी आणि कराची कपात धरून साधारण बारा टक्के रक्कम वजा होते व उरलेली पट्टेधारकाच्या खात्यात जमा केली जाते. म्हणजे एक लाखाला गेलेल्या हिऱ्यामागे अठ्ठ्याऐंशी हजारांच्या आसपास हाती येतात आणि त्यातून शेतमालक, भागीदार व मजूर यांचे देणे भागवायचे असते. व्यापाऱ्याने पूर्ण रक्कम भरल्याखेरीज पट्टेधारकाला पैसे मिळत नाहीत, त्यामुळे लिलावाच्या दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन उभे राहण्यात अर्थ नसतो.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांसाठी प्रवासाची सोय हावडा-मुंबई मार्गावरील सतना स्थानकावरून आहे. तेथून पन्ना सुमारे पंच्याहत्तर किलोमीटर असून बस मिळते. अर्ज, चलन, जागेची चौकशी आणि आखणी ही कामे एका फेरीत उरकतीलच असे नाही, म्हणून पहिल्या खेपेस केवळ कार्यालयात चौकशी करून, मंजूर क्षेत्रे आणि तेथे चालू असलेल्या खाणी डोळ्यांनी पाहून परत यावे आणि चलन दुसऱ्या खेपेस भरावे.