तापलेलं बियाणं आणि पांढरी रोपं

बेळगाव जिल्ह्यात अथणी-चिकोडीकडे उशिरा पेरलेला गहू फुलोऱ्यात उन्हाच्या तडाख्यात सापडला की ओंब्या पोचट राहतात. त्या बियाण्याची रोपं अशक्त निघतील, पण वाण बिघडणार नाही. पराग मेले, दाणा भरला नाही, एवढंच घडलं. हे नुकसान बहुतेक त्याच हंगामापुरतं असतं.

खरी काळजी घ्यायची ती साठवणीत. पत्र्याखाली तापलेल्या दमट पोत्यात दाण्यातल्या गर्भाचा डीएनए हळूहळू तुटत राहतो. दाणा सुकलेला असताना पेशींची दुरुस्ती जवळपास थांबलेली असते. पाणी मिळाल्यावर ती सुरू होते, पण साचलेली मोडतोड जोडताना चुका राहतात. याच चुका म्हणजे उत्परिवर्तनं.

ही उत्परिवर्तनं पहिल्या पिढीत सहसा दिसत नाहीत, कारण जनुकाची दुसरी प्रत शाबूत असते. शिवाय गर्भात पुढच्या काही फुटव्यांचे अंकुर आधीच वेगळे झालेले असतात. अमेरिकन आनुवंशिकीतज्ज्ञ लुईस स्टॅडलर यांनी 1928 मध्ये क्ष-किरण दिलेल्या जवात हेच दाखवलं: बदल एका फुटव्याच्या संततीत उतरला, त्याच झाडाच्या इतर फुटव्यांच्या संततीत नाही. म्हणून खानापूरच्या भातात तपास करायचा तर सगळ्या लोंब्या एकत्र झोडपू नका. प्रत्येक लोंबीचं बी वेगळं ठेवा आणि वेगळ्या ओळीत टाका.

बदललेल्या लोंबीच्या ओळीत साधारण चौथा हिस्सा रोपं वेगळी निघतात. हिशेबाने 11 रोपांत निदान एक दिसण्याची शक्यता 95 टक्के; पण कधी लोंबीचा काही भागच बदललेला असतो, म्हणून 30-40 रोपं ठेवावीत. सर्वांत सहज ओळखू येतं ते पांढरं रोप. दाण्यातला साठा संपला की ते मरतं. इथे घाई नको: लोह कमी पडलं तरी तरव्याची नवी पानं पांढुरकी होतात. 0.5 टक्के फेरस सल्फेट फवारा. हिरवी झाली, तर दोष जमिनीचा.

खपली गव्हात ही परीक्षा फसू शकते. त्याच्यात एकूण 28 गुणसूत्रं दोन वेगळ्या संचांत असतात (साध्या गव्हात 42, तीन संचांत), त्यामुळे एका संचातली खोट दुसरा झाकतो. भातात ही आडकाठी फारशी नसते.

शाळूत, म्हणजे रब्बी ज्वारीत, अडचण परागाची. कणीस फुलण्याआधीच कागदी पिशवी बांधावी. उशीर झाला तर वेगळं दिसणारं झाड शेजारच्या वावरातल्या परागाचंही असू शकतं.