कंपनीचा पार्ट आणि त्याच गाडीचा पार्ट

"सगळे पार्ट कंपनीचे टाकलेत, गाडी निघाली होती तश्शी झाली." जुनी स्पोर्ट्‌स कार दुरुस्त करून मूळ रूपात आणणाऱ्यांकडून सोलापुरात हे नेहमी ऐकतो. यातलं पहिलं खरं असलं तरी दुसरं साफ खोटं असू शकतं.

कंपनीचा माल आणि डुप्लिकेट यातला फरक इथं कुणाला शिकवायला नको. डबा, शिक्का, हातातलं वजन, काउंटरवरच कळतं. घोळ त्याच्या पुढचा आहे. पार्ट कंपनीचाच, पण त्या गाडीचा नाही.

जग्वार ई-टाइप ही ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार घ्या. ती मार्च 1961 मध्ये जिनिव्हात लोकांसमोर आली आणि लगेच बदलत गेली. पहिल्या सुमारे 500 गाड्यांच्या बोनेटची कुलपं बाहेरून, वेगळ्या किल्लीनं उघडायची. नंतर ती आत गेली. बोनेटवरच्या हवेच्या फटी आधी वेगळ्या पत्र्यात करून वेल्ड करत. पुढे बोनेटच्याच पत्र्यात दाबून काढू लागले. पायाखालचा पत्रा 1962 च्या सुरुवातीपर्यंत सपाट होता. उंच माणसाचे पाय अवघडायचे, म्हणून मग तिथं खोलगट भाग दिला. आता 1961 च्या गाडीचा तळ गंजला म्हणून कुणी 1963 चा तळ बसवला, तर तो अस्सल जग्वारचा आणि त्या गाडीला सपशेल चुकीचा. दोन्हींत इंजिन 3.8 लिटरचंच, त्यामुळे शंकाही येत नाही. (1964 च्या 4.2 लिटरच्या गाडीचा फरक ढोबळ आहे, तिथं सहसा कुणी फसत नाही.)

विकणारा फसवतो असंही नाही. कंपनी पार्ट सुधारते, जुना नंबर बंद करते आणि मागणी आली की सुधारलेला पाठवते. रोज चालवायच्या गाडीला तो चांगलाच. मूळ रूपात आणायच्या गाडीला नाही.

ओळखायचं कसं? ल्युकास ही गाडीचे विजेचे पार्ट बनवणारी कंपनी. तिच्या डायनॅमोवर, स्टार्टरवर तो बनल्याची तारीख ठोकलेली असते. ती गाडी तयार झाल्याच्या तारखेनंतरची असेल, तर तो पार्ट मागाहून आलेला, वाद संपला. गाडीची तारीख आणि मूळ इंजिन नंबर जग्वारच्या जुन्या नोंदी सांभाळणाऱ्या जग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टच्या दाखल्यात मिळतात. कुठलाही पार्ट मागवण्याआधी तो दाखला हातात हवा.

आणि माझं ठाम मत: नवाकोरा चुकीचा तळ नको, गंजलेला मूळचाच दुरुस्त करा. आपल्या कोरड्या हवेत पत्रा कोकणासारखा सडत नाही. बऱ्याचदा वीतभर तुकडाच गेलेला असतो. तेवढा कापून चांगल्या डेंटरकडून जोडून घ्या. सबंध मूळ पत्रा भंगारात घालणारे मला बघवत नाहीत. काढलेला तुकडासुद्धा चासी नंबरची चिठ्ठी लावून जपून ठेवा, पुढच्या मालकाला माप त्यावरूनच घेता येईल.