हिरवी चंद्रकोर कुठे ठेवायची? मॉन्टेसरीतल्या मोठ्या मुलांच्या मराठीची पार्श्वभूमी

महाराष्ट्रात ‘मुलगा मॉन्टेसरीत जातो’ असे म्हटले की त्याचे वय कुणी विचारत नाही. तो सहा वर्षांच्या आतला असणार हे गृहीतच असते. शिशुवर्ग आणि बालवाडी या शब्दांच्या रांगेत ‘मॉन्टेसरी’ जाऊन बसला आणि पद्धतीचा पुढचा अर्धा भाग आपल्या बोलण्यातूनच गळून गेला. नऊ ते बारा वर्षांच्या मुलांना या पद्धतीत मराठी कशी शिकवायची हा प्रश्न आता निघतो आहे, तो उशिराच. त्याला तयार उत्तर का सापडत नाही, हे समजायला थोडे मागे जावे लागते.

मारिया मॉन्टेसरी यांचे रोममधले 1907 चे पहिले बालगृह सर्वांना माहीत आहे. मोठ्या मुलांचे भाषाशिक्षण मात्र त्यांच्या 1916 च्या इटालियन पुस्तकात आले. व्याकरणाच्या पेट्या, वाक्यांच्या चिठ्ठ्या, एकेक शब्द उचलून बाजूला ठेवायचा आणि वाक्याचे काय होते ते बघायचे, हे सगळे तिथले. शब्दांच्या जातींना रंगही तिथेच मिळाले, पण ते आजचे नव्हेत. नाम काळे आणि क्रियापद लाल हे टिकले, विशेषण मात्र तेव्हा तपकिरी होते. नामाचा काळा त्रिकोण, क्रियापदाचे लाल वर्तुळ, विशेषणाचा निळा त्रिकोण, इंग्रजीतल्या ‘ऑन’, ‘अंडर’ अशा शब्दांची हिरवी चंद्रकोर ही शब्दांवर ठेवायची चिन्हे नंतर रूढ झाली. भूमिती आणि अंकगणितावरची सविस्तर पुस्तके 1934 मध्ये बार्सिलोनात छापली गेली. त्यांच्या जोडीचे व्याकरणावरचे लेखन मात्र कित्येक दशके हस्तलिखितातच पडून राहिले. पद्धतीच्या भाषाशाखेला छापील आधार कमी मिळाला, तो असा.

आपल्या दृष्टीने निर्णायक काळ 1939 ते 1946 हा आहे. मारिया मॉन्टेसरी नोव्हेंबर 1939 मध्ये मद्रासजवळच्या अड्यारला आल्या त्या काही महिन्यांसाठी. जून 1940 मध्ये इटली युद्धात उतरली, त्या शत्रुदेशाच्या नागरिक ठरल्या आणि त्यांच्या मुलाला काही काळ अहमदनगरच्या छावणीत ठेवण्यात आले. मुक्काम 1946 पर्यंत लांबला. युद्धाच्या वर्षांत कोडाईकनालला लहानांबरोबर मोठी मुलेही त्यांच्याभोवती होती, आणि सहा ते बारा वयोगटाच्या कामाला तिथे आकार आला. विश्वाची उत्पत्ती, जीवसृष्टी, माणूस, लिपी आणि अंक यांच्या मोठ्या गोष्टींभोवती सगळे विषय गुंफायचे, हा विचार आपल्याच देशात पक्का झाला याचा अभिमान वाटायला हरकत नाही.

त्याच वर्षांत एक गोष्ट घडली, तिच्याकडे फारसे कुणी पाहत नाही. व्याख्याने इटालियनमध्ये होत आणि श्रोत्यांपर्यंत इंग्रजीतून पोहोचत. भारतीय शिक्षकांच्या वह्यांत उतरले ते इंग्रजी व्याकरण. मराठीत जे आले ते त्या इंग्रजीवरून.

मराठीत बालशिक्षणाचे काम त्याआधीच सुरू झाले होते. भावनगरच्या बालमंदिरातून आलेली प्रेरणा, 1926 पासूनचे संघटित काम, 1945 मध्ये बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर उभे राहिलेले ग्रामीण प्रयोग हे मराठी शिक्षणातले फार मोठे धन आहे. शिंपले, बिया, काड्या, पाने वापरून गरिबांच्या अंगणात बालवाडी आणणाऱ्यांनी सहा वर्षांखालच्या मुलांना प्राधान्य दिले ते योग्यच होते, कारण त्या मुलांकडे दुसरे कुणी बघत नव्हते. पण त्यामुळे मोठ्या मुलांच्या मराठी व्याकरणाच्या पेट्या कुणी मुळापासून बनवल्या नाहीत.

खरा गुंता इथे आहे. पद्धतीत शब्दांच्या नऊ जाती, मराठी शाळेत आठ. नववी जात म्हणजे नामाआधी येणारे उपपद, इंग्रजीतले ‘अ’ किंवा ‘द’, ते मराठीत नाही. तो छोटा फिकट निळा त्रिकोण पेटीतून काढला की भागते. हिरव्या चंद्रकोरीचे तसे नाही. तिला मराठीत ‘शब्दयोगी अव्यय’ म्हटले गेले आणि अडचण तिथून सुरू झाली. इंग्रजीत ‘ऑन’सारखा तो शब्द सुटा असतो आणि नामाच्या आधी पुलासारखा उभा राहतो. मूल त्याची चिठ्ठी उचलते, दुसरी ठेवते, आणि टेबलावरचे फूल टेबलाखाली जाते. मराठीत ‘घोड्यावर’ हा एकच शब्द आहे. कात्रीने कापला तर हातात ‘घोड्या’ आणि ‘वर’ उरतात. ‘घोड्या’ हे सामान्यरूप. ते एकटे कुठे राहत नाही, आणि मुलाने आधी शिकलेले नाम तर ‘घोडा’ आहे.

त्यात विभक्तीची भर. ‘घरात’ आणि ‘घरामध्ये’ यांचा अर्थ मुलाच्या दृष्टीने एकच, इंग्रजी पेटीतला शब्दही एकच. पण मराठी व्याकरणात ‘त’ हा सप्तमीचा प्रत्यय आहे आणि ‘मध्ये’ हे शब्दयोगी अव्यय. मग चंद्रकोर दोन्हींवर ठेवायची की एकावर? अर्थ बघणारे म्हणतात दोन्हींवर, कारण या वयात काम जाणवणे महत्त्वाचे. व्याकरण बघणारे म्हणतात ‘मध्ये’वरच, नाहीतर पाठ्यपुस्तक उघडल्यावर मूल गोंधळते. तिसरी वाट अशी की शब्द कापायचाच नाही. ‘घोड्यावर’ अखंड चिठ्ठीवर लिहायचा, वर काळा त्रिकोण ठेवायचा आणि त्याच्या उजव्या टोकाला छोटी हिरवी चंद्रकोर टेकवायची. विभक्तीचे प्रत्यय वेगळ्या तक्त्यासाठी राखून ठेवायचे. मला ही तिसरी वाटच मराठीला धरून वाटते. शब्दयोगी या नावातच जोडले जाणे आहे, आणि चिन्हाने तेच दाखवायला हवे. या वाटेने गेले की ‘घोडासुद्धा’ आणि ‘घोड्यावर’ शेजारी ठेवता येतात. सुद्धा, देखील, मात्र हे शब्द नामाला न बदलता चिकटतात, वर आणि खाली त्याला बदलायला लावतात. दहा वर्षांचे मूल हा फरक स्वतः शोधून काढते, फक्त पुरेशा चिठ्ठ्या समोर हव्यात.

खेदाची गोष्ट ही की मूळ इटालियन या बाबतीत मराठीच्या जवळची होती. तिथे ‘वर’ या अर्थाचा ‘सु’ आणि पुढचे उपपद ‘ला’ मिळून ‘सुल्ला’ होतो, म्हणजे चिकटणे तिलाही ठाऊक आहे. विशेषणेही लिंगवचनाप्रमाणे बदलतात. आपल्याकडे चांगला, चांगली, चांगले. तिथे बेल्लो, बेल्ला, बेल्ली. इंग्रजी विशेषण लिंगवचनाने हलत नाही, म्हणून इंग्रजीवरून उतरवलेल्या मराठी पेटीत विशेषणाचा निळा त्रिकोण निमूट बसून राहतो. ‘काळा घोडा, काळी गाय, काळे वासरू’ आणि त्याच्या शेजारी न बदलणारे ‘सुंदर’, एवढ्यावर आठवडाभराचे काम होऊ शकते. मधल्या भाषेने ते आपल्यापासून लपवले.

शब्दांच्या आठ जातीही काही आकाशातून पडलेल्या नाहीत. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी व्याकरणांवर इंग्रजी व्याकरणाचे वळण आहे, आणि ‘घरात’ व ‘घरामध्ये’ यांच्यामधली रेघ ओढायची कशी हा वादही मोठ्यांचाच आहे. मुलांसमोर तो उघडा करायला मला काही गैर वाटत नाही.

वाक्यपृथक्करणाच्या बाणांतही, म्हणजे क्रियापदापासून वाक्याच्या इतर भागांकडे नेणाऱ्या आणि प्रश्न लिहिलेल्या बाणांतही, हीच ठेच लागते. आधी क्रियापद शोधायचे, मग त्याला ‘कोण?’ विचारायचे. ‘मुलगा आंबा खातो’ इथपर्यंत ठीक. ‘मुलाने आंबा खाल्ला’ म्हटले की प्रश्न ‘कोणी?’ होतो, आणि क्रियापद मुलाऐवजी आंब्याचे ऐकते: मुलाने कैरी खाल्ली, मुलाने आंबे खाल्ले. कर्मणी प्रयोगासाठी बाणांवर वेगळे प्रश्न लिहावे लागतात. तयार संचात ते नसतात.

गेल्या पंधरा वर्षांत या सगळ्याला निकड आली. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने शाळांना मान्यतेच्या आणि इयत्तांच्या चौकटीत बांधले, आणि तीन इयत्तांची मिश्र वर्गरचना कागदावर बसवणे अवघड झाले. 2020 च्या राज्य कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, सुरुवात पहिली आणि सहावीपासून. पुण्या-मुंबईकडच्या अशा वर्गांपैकी बरेचसे इंग्रजी माध्यमाचे. तिथे इंग्रजीच्या पेट्या फळीवर नीट मांडलेल्या असतात आणि मराठी वही-फळ्यावर चालते. मराठी मुलाच्या मराठीवर हा अन्याय आहे असे मला मनापासून वाटते.

2023-24 पासून राज्यात पाचवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आली. पाचवी म्हणजे नऊ ते बाराच्या गटाचा मधोमध. ‘अधोरेखित शब्दाची जात ओळखा’ असा प्रश्न समोर आला की ‘तो वर गेला’ मधला ‘वर’ क्रियाविशेषण आणि ‘तो माडीवर गेला’ मधला ‘वर’ शब्दयोगी, हे मुलाला सांगता यायला हवे. पेटीत हे काम दोन चिठ्ठ्यांचे आहे. पहिल्या चिठ्ठीत सुट्या ‘वर’वर क्रियाविशेषणाचे नारिंगी वर्तुळ. दुसरीत ‘माडी’ला चिकटताच वर्तुळ उचलायचे आणि त्रिकोणाच्या टोकाला हिरवी चंद्रकोर लावायची.