आल (रंजक)

बारतोंडी आणि मोरिंडा प्रजातीतील तिच्या जवळच्या जाती यांच्या मुळांच्या सालीतून मिळणारा तांबडा वनस्पतिज रंग. रंग देणारी मुळे आणि झाड या दोहोंनाही आल म्हणतात. कुल रुबिएसी, मंजिष्ठ, कदंब आणि कॉफी ही याच कुलातली. विदर्भ, खानदेश, माळवा व बुंदेलखंड या भागांत आलाची शेती एकोणिसाव्या शतकात बरीच होती आणि शतक संपता संपता ती बहुतेक ठिकाणी मोडली.

नेमकी कोणती जात लावली जाई, याविषयी जुन्या अहवालांवर फारसे विसंबता येत नाही. समुद्रकाठची, मोठ्या पानांची मोरिंडा सिट्रिफोलिया आणि पठारावरची मोरिंडा टिंक्टोरिया (हल्लीचे वर्गीकरणकार हिला बहुधा मोरिंडा कोरियात धरतात) ही दोन नावे त्यांत एकमेकांच्या जागी येतात. कोरडवाहू काळ्या जमिनीतले पीक दुसऱ्या जातीचे असावे, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. झाड तीन-चार वर्षांचे झाले की खोल खणून मुळे काढीत. बारीक मुळांना चांगला भाव येई, कारण रंग सालीत असतो आणि जाड मुळात लाकूडच जास्त. ताजे मूळ कापले तर आत लाल काहीच दिसत नाही. साल पिवळी असते. लाल रंग पुढच्या प्रक्रियेतून येतो.

नाव : केशवपन केलेल्या विधवांच्या तांबड्या वस्त्राला मराठीत आलवण म्हणत. या शब्दाच्या दोन व्युत्पत्ती संभवतात. पहिली आल + वर्ण अशी. दुसरी अरबी ‘अल्वान’ (रंग या अर्थाच्या ‘लौन’चे अनेकवचन) या शब्दाकडे जाते; हिंदीतील अलवान, म्हणजे लोकरी शाल, तिथूनच आली. मराठीत ‘आलवान’ असेही रूप आढळते आणि ते नुसत्या तांबड्या कापडालाही लावतात, त्यामुळे गुंता वाढतो. अरबी शब्दात कोणताही एक रंग अभिप्रेत नाही, मराठी शब्द मात्र तांबड्याला सोडत नाही. म्हणून पहिली व्युत्पत्ती ग्राह्य धरावी, निदान दुसरीच्या रूपावर पहिलीचा अर्थ चढला असे समजावे. उत्तरकाळात आलवणे कृत्रिम ॲलिझरिनात (मंजिष्ठकुलातील मुळांत सापडणाऱ्या तांबड्या रंगद्रव्यात) रंगू लागली तरी नाव टिकले.

रासायनिक संशोधन : आलाचा पहिला पद्धतशीर अभ्यास टॉमस अँडरसन यांनी केला (१८४८-४९). मुंबईहून ‘सूरंजी’ या नावाने काही मुळे ग्लासगोला गेली होती. (कोकणातल्या सुरंगीच्या फुलांशी या नावाची गल्लत करू नये.) तेथील छपाईवाल्यांनी तुरटी व लोह या नेहमीच्या रंगबंधकांवर (रंग धाग्याला धरून ठेवणाऱ्या क्षारांवर) ती लावून पाहिली, कापड रंगले नाही, आणि हा रंगच नव्हे असा निर्वाळा त्यांनी दिला. अँडरसन यांनी मुळांतून पिवळ्या सुयांसारखे स्फटिक वेगळे केले व त्यांना मोरिंडिन हे नाव दिले. साध्या बंधकाला ते दाद देत नव्हते. पण तुर्की लाल रंगासाठी तेलात मुरवून तयार केलेल्या कापडावर तपकिरी झाकेचा पक्का तांबडा रंग चढला. मोरिंडिन तापवल्यावर तांबडे स्फटिक मिळाले, ते मोरिंडोन.

छपाईवाल्यांची चूक कुठे झाली, हे पुढे कळले. मोरिंडिन हे ग्लायकोसाइड आहे. शर्करा जोडलेली असेपर्यंत ते रंगबंधकातील ॲल्युमिनियमला नीट धरत नाही. शिवाय मुळांत मुक्त आम्ल असते. ते पाण्याने धुऊन काढावे लागते किंवा थोड्या खडूने मारावे लागते. भारतीय रंगाऱ्यांच्या रीतीत या अडचणीवर उपाय होता. कापड एरंडेलासारखे तेल आणि सज्जीखार यांच्या पाण्यात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळवायचे, मग हिरडा, मग तुरटी, आणि शेवटी आलाची पूड घातलेल्या पाण्यात मंद आचेवर कितीतरी वेळ ठेवायचे. तेलातील मेदाम्लांनी ॲल्युमिनियम धाग्यात बसते. दीर्घ उकळीत शर्करा सुटून मोरिंडोन मोकळे होते. ॲल्युमिनियमबरोबर लाल, लोहाबरोबर चॉकलेटीकडे झुकणारा जांभळा, असा रंग त्यातून मिळतो.

मोरिंडोन म्हणजे मंजिष्ठकुलातील युरोपीय वनस्पतीचे ॲलिझरिनच की काय, हा वाद चाळीस वर्षे चालला. रॉक्लेडर यांनी १८५० नंतर लगेच दोन्ही एकच असल्याचे प्रतिपादले आणि स्टेनहाउस यांनी १८६४ मध्ये त्याला दुजोरा दिला. स्टाइन यांनी १८६६ मध्ये ते नाकारले. यात रॉक्लेडरांना फार दोष देता येत नाही. त्या वेळी ॲलिझरिनचे सूत्रच निश्चित नव्हते. स्ट्रेकर यांच्या सूत्रानुसार त्यात कार्बन सुमारे ६९% येई, मोरिंडोनमध्ये तो ६६.७% आहे, आणि स्फटिक पूर्ण शुद्ध नसले की एवढे अंतर सहज झाकले जाते. ग्रेबे व लीबरमान यांनी १८६८ मध्ये ॲलिझरिन अँथ्राक्विनोनपासून (तीन वलयांच्या एका कार्बनी संयुगापासून) बनवले तेव्हा तुलनेला पक्का आधार मिळाला. थॉर्प व ग्रीनॉल यांनी १८८७ मध्ये आणि पुढच्या वर्षी थॉर्प व स्मिथ यांनी मोरिंडोनचे सूत्र ठरवून ते वेगळे असल्याचे दाखवले. ॲलिझरिनमध्ये कार्बनचे १४ अणू, मोरिंडोनमध्ये १५. एक मिथिल गट आणि एक हायड्रॉक्सिल गट जास्त. लीड्स येथील हमेल व ए. जी. पर्किन (मॉव्ह रंग शोधणाऱ्या पर्किन यांचे पुत्र) यांनी १८९३-९४ मध्ये चायवेल (मुळांतून तांबडा रंग देणारी याच कुलातली आणखी एक वनस्पती) व मोरिंडा अंबेलाटा यांची मुळे तपासली. चायवेलीत ॲलिझरिन मिळाले, मोरिंडात मोरिंडिन. अखेरची रचना, म्हणजे १,२,५-ट्रायहायड्रॉक्सी-६-मिथिल अँथ्राक्विनोन, सायमनसेन यांचे काम आणि जेकबसन व ॲडम्स यांचे संश्लेषण (१९२५) यांवरून स्थिर झाली.

झाडात हे रेणू कसे तयार होतात, हा प्रश्न १९७३ मध्ये लाइस्टनर यांनी हाती घेतला. अनेक अँथ्राक्विनोने ॲसिटेट एककांपासून बनतात. मोरिंडोनच्या दोन्ही बाजूंच्या वलयांवर गट असल्याने तीच वाट संभाव्य वाटत होती. किरणोत्सर्गी पूर्वद्रव्ये देऊन त्यांनी दाखवले की येथे वाट शिकिमिक आम्लाची आहे. याच सुमारास या झाडाच्या पेशी द्रव माध्यमात वाढवून अँथ्राक्विनोने मिळवण्यात आली (झेंक व सहकारी, १९७५). वनस्पतिपेशी-संवर्धनाचा अभ्यास करणाऱ्यांना मोरिंडा आजही परिचित आहे, पण कपड्याच्या रंगासाठी नव्हे.

प्राचीनता : मोहेंजोदडो येथील चांदीच्या भांड्याला चिकटलेले सुती कापड मुंबईतील माटुंग्याच्या तंत्र-प्रयोगशाळेत टर्नर व गुलाटी यांनी १९२८ च्या सुमारास तपासले. तेथील सुती अवशेषांवरील तांबडा रंग मंजिष्ठ वर्गातला असल्याचे सांगितले जाते. या वर्गात मंजिष्ठ, चायवेल आणि आल तिन्ही बसतात; त्या काळच्या चाचण्यांनी त्यांतला नेमका कोणता हे ठरणे शक्य नव्हते. त्यामुळे सिंधू संस्कृतीत आल वापरले जाई, हे विधान तूर्त सिद्ध मानता येत नाही. आता द्रव-वर्णलेखनाने (मिश्रणातील घटक वेगळे करून ओळखण्याच्या पद्धतीने) धाग्यातील मोरिंडोन ओळखता येते आणि जुन्या कापडात आल असल्याची खूण म्हणून ते वापरले जाते.

ऱ्हास व आजचा वापर : १८६९ नंतर कृत्रिम ॲलिझरिन स्वस्तात येऊ लागले, तीन वर्षे जमीन अडवणाऱ्या पिकाला त्याच्याशी टक्कर देता आली नाही. ओडिशातील कोटपाड येथील मिरगान विणकर अजून आलाच्या मुळांनी सूत रंगवतात. त्या कापडाला भौगोलिक निर्देशन आहे. जावात बाटिकसाठी हेच मूळ मेंगकुडू नावाने वापरात होते. बाजारात ‘नोनी’ म्हणून मिळणारा रस फळाचा असतो. मुळांतील डॅमनाकँथल या अँथ्राक्विनोनवर १९९३ मध्ये झालेले पेशीपातळीवरील प्रयोग त्या रसाच्या जाहिरातीत आधार म्हणून देणे योग्य नव्हे.