केनियातील देशांतर्गत पर्यटन
केनिया या पूर्व आफ्रिकेतील देशात तेथील रहिवाशांनीच केलेले पर्यटन. मसाई मारा, अंबोसेली आणि त्सावो येथील वन्यजीवन व मोंबासा, डियानी, लामूचा समुद्रकिनारा यांमुळे देशाचे नाव जगभर झाले. मात्र लॉज, दरपत्रके, जाहिराती हा सगळा पसारा परदेशी पाहुणा डोळ्यांसमोर ठेवून उभा राहिला आणि देशी पर्यटनाच्या बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात.

वसाहतकाळात सफारी हा युरोपीय-अमेरिकी शिकाऱ्यांचा शौक होता. स्थानिक माणूस त्यात हमाल, वाटाड्या किंवा स्वयंपाकी असे. नैरोबी राष्ट्रीय उद्यान १९४६ मध्ये आणि त्सावो १९४८ मध्ये स्थापन झाले. १९७७ मध्ये शिकारीवर बंदी आली, तरी पाहुणा परदेशीच राहिला. त्सावोलगतच्या शेतकऱ्याच्या मनात हत्ती म्हणजे रात्रीतून मका फस्त करणारे जनावर. तोच पाहायला पैसे मोजा, असे त्याला सांगणे सोपे नाही.

महाग तिकिटांमुळे लोक येत नाहीत, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. राष्ट्रीय उद्यानांत केनियाच्या नागरिकांना परदेशी पर्यटकांच्या मानाने फारच कमी शुल्क द्यावे लागते. खरा खर्च असतो गाडीचा. मारासारख्या ठिकाणी पायी फिरता येत नाही, रस्ते कच्चे, त्यामुळे उंच चाकांची गाडी चालकासह भाड्याने घ्यावी लागते. लॉजचे दरही बहुधा तिन्ही जेवणांसह, माणशी आकारलेले. चार-पाच जणांच्या कुटुंबाचे गणित तिथेच कोलमडते. याउलट नैवाशा या सरोवरकाठच्या शहराजवळच्या हेल्स गेट उद्यानात भाड्याची सायकल घेऊन झेब्रे-जिराफांमधून हिंडता येते, आणि नैरोबीची तरुण मंडळी तिथे हौसेने जातात. २०१७ मध्ये नैरोबी-मोंबासा नवी रेल्वे सुरू झाल्यावर किनाराही मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला.

वेळापत्रकही आड येते. शाळांना ऑगस्टमध्ये सुट्टी असते, तेव्हाच मारात वाइल्डबीस्टांचे (कळपाने राहणाऱ्या हरणवर्गीय मोठ्या प्राण्यांचे) स्थलांतर पाहायला जगभरची गर्दी लोटते आणि दर शिगेला पोहोचतात. एप्रिल-मेमध्ये ते उतरतात खरे, पण तेव्हा पावसाने रस्त्यांचा चिखल झालेला असतो. डिसेंबरची रजा आणि साठवलेले पैसे बहुतेक शहरी कुटुंबे मूळ गावी जाण्यात खर्च करतात. नातलगांकडे उतरणारा हा प्रवासी हॉटेलांच्या आकडेवारीत दिसतच नाही. केनियातील लोकांना फिरण्याची आवड नाही हा शेरा त्यामुळेच पोकळ ठरतो.

शासनाला देशी पर्यटकाची आठवण येते ती बहुधा संकटात. २००७-०८ चा निवडणुकोत्तर हिंसाचार, २०१३ मधील नैरोबीच्या वेस्टगेट मॉलवरील दहशतवादी हल्ला, पुढे कोविड या प्रत्येक वेळी परदेशी पाहुणे आटले आणि ‘आपला देश पाहा’ अशा मोहिमांना जोर चढला. पाश्चात्त्य देशांच्या प्रवास-इशाऱ्यांनी किनाऱ्यावरील हॉटेले ओस पडल्यावर २०१४ मध्ये, कर्मचाऱ्यांना देशातच सुट्टीवर पाठवणाऱ्या कंपन्यांना त्या खर्चावर करसवलत देण्यात आली. तीही मुदतीपुरती.

हॉटेलांतील देशी मुक्कामांमध्ये स्वखर्चाने आलेल्या कुटुंबांसोबत कार्यशाळा आणि परिषदांना आलेल्यांचाही मोठा वाटा असतो. मोंबासा-नैवाशातील हॉटेले सरकारी खाती, कंपन्या आणि २०१३ पासून कारभार पाहू लागलेली ४७ काउंटी (जिल्ह्यांसारख्या प्रशासकीय विभागांची) सरकारे यांच्या बैठकांवर बरीच अवलंबून आहेत. सरकारने प्रवासखर्चाला कात्री लावली की त्यांच्या खोल्या रिकाम्या राहतात.